घरदुरुस्तीचा खर्च : मापात घ्या, मापात द्या



गळीत हंगाम आटोपत आला, उसाची बिले बँकेत जमा होऊ लागली की आपल्या कार्यक्षेत्रातील गावागावांत बांधकामाची घाई सुरू होते. कुणाला गळका स्लॅब दुरुस्त करायचा असतो, कुणाला पोपडे आलेला गिलावा पाडून नवा करायचा असतो, कुणाच्या मुलीचे लग्न तोंडावर असते म्हणून सोप्यात फरशी बसवायची असते. पावसाळ्याच्या आत काम उरकायचे, म्हणून जो मिस्त्री भेटेल त्याला आणि तो सांगेल त्या रकमेला होकार दिला जातो. काम संपते तेव्हा पैसेही संपलेले असतात. पैसे नेमके कशात गेले हे मात्र घरात कुणालाच सांगता येत नाही.

शेतीच्या पैशात घर उभे राहावे यासारखे समाधान नाही. पण वर्ष-दीड वर्ष पाणी पाजून, खत घालून वाढवलेल्या उसाचा पैसा चार दिवसांच्या घाईत निष्कारण जाऊ नये, यासाठी या अंकात घरदुरुस्तीच्या हिशेबाचा हा पाठ देत आहोत. यातले गणित चौथीच्या मुलालाही करता येईल असे आहे.

काट्यावरचा शेतकरी, घरातला शेतकरी

ऊस घालताना आपण किती जागरूक असतो ते पाहा. भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, पावतीवरचा आकडा, सारे डोळ्यांत तेल घालून पाहतो. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, हा १९६६ च्या ऊस (नियंत्रण) आदेशातला नियम आपल्याला तोंडपाठ असतो. दहा किलोचा फरक वाटला तरी आपण काट्यावर वाद घालतो, आणि घालावाच.

तोच शेतकरी घरी आला की म्हणतो, "मिस्त्री, तुमच्यावर सोडलंय सगळं, बघा काय ते." मिस्त्रीही म्हणतो, "बघू की पाव्हणं, कुठं पळून जातोय मी?" इथे काटा नाही, पावती नाही, मापही नाही. पुढे जो गैरसमज होतो त्याला अर्धे कारण हा विनामाप व्यवहार असतो. ठेकेदार लबाड असलाच तर त्याचे फावते. तो सरळ असला तरी आपल्या मनात कायमचा संशय राहतो.

मापाची चार सूत्रे

सिमेंटचा, लोखंडाचा, मजुरीचा दर गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतो. तो आजचा इथे छापला तरी अंक हाती पडेपर्यंत शिळा होईल. पण माप बदलत नाही. म्हणून आधी माप शिकू.

पहिले सूत्र ब्रासचे. वाळू, खडी, डबर, मुरूम यांचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गिलावा, फरशी अशा पृष्ठभागाच्या कामात एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. ट्रॉली आली की आतून लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटात मोजावी, तिन्हींचा गुणाकार करावा आणि १०० ने भागावे. ट्रॉली आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि माल पावणेदोन फूट उंच भरला असेल तर १०५ घनफूट, म्हणजे एक ब्रासाला थोडी अधिक. मोजण्यापूर्वी वरून फळी फिरवून माल सपाट करून घ्यावा. मध्ये ढीग आणि कोपरे रिकामे, ही जुनी युक्ती आहे.

दुसरे सूत्र ओल्या वाळूचे. ओलसर वाळू फुगते. बारीक वाळूत हे फुगणे पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंतही जाते, म्हणजे ब्रासभर मोजलेली वाळू प्रत्यक्षात पाऊण ब्रासच्या आसपास असू शकते. परीक्षा सोपी आहे. सरळ बाजूंच्या काचेच्या भांड्यात ओलसर वाळू न दाबता भरा, उंची मोजा. मग ती पूर्ण बुडेल इतके पाणी घालून ढवळा आणि बसू द्या. वाळू खाली बसलेली दिसेल. जितकी बसली तितके तुम्ही पाण्याला पैसे दिलेत असे समजा.

तिसरे सूत्र लोखंडाचे. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा आणि १६२ ने भागा. एका मीटरचे वजन किलोत मिळते. बाजारातली सळई साधारणपणे १२ मीटर, म्हणजे सुमारे ४० फूट लांब असते. या हिशेबाने ८ मि.मी. ची पूर्ण सळई पावणेपाच किलो, १० मि.मी. ची सुमारे ७.४ किलो, १२ मि.मी. ची सुमारे १०.७ किलो आणि १६ मि.मी. ची सुमारे १९ किलो भरते. कारखान्यातून निघतानाच वजनात थोडा कमी-अधिकपणा भारतीय मानकाने मान्य केला आहे, १० मि.मी. पर्यंतच्या सळईला सात टक्के आणि त्यावर १६ मि.मी. पर्यंत पाच टक्के. त्यापेक्षा जास्त फरक पडला तर विचारायला हवे. लोखंड नगावर घेऊ नये. उसासारखेच भरली गाडी आणि रिकामी गाडी वजन करून घ्यावे.

चौथे सूत्र सिमेंटचे. पोते ५० किलोचे, आणि त्यातले सिमेंट सुमारे सव्वा घनफूट. एकास चार प्रमाणाचा अर्धा इंच जाडीचा एक ब्रास गिलावा करायला सुमारे एक पोते सिमेंट आणि पाच घनफूट वाळू लागते. स्लॅबच्या एकास दीडास तीन काँक्रीटला दर १०० घनफुटामागे सुमारे २३ पोती लागतात.

एका खोलीचा हिशेब

आता एक खोली घेऊ. आतून १५ फूट लांब, १२ फूट रुंद, १० फूट उंच. भिंतींचा जुना गिलावा काढून नवा करायचा आहे. छताला हात लावायचा नाही.

चारी भिंतींची लांबी ५४ फूट, उंची १० फूट, म्हणून ५४० चौरस फूट. एक दार ७ बाय साडेतीन आणि दोन खिडक्या ४ बाय ४ वजा केल्या तर ५६ चौरस फूट गेले. दार-खिडक्यांच्या कडांना आतून गिलावा होतो, तो सुमारे २५ चौरस फूट मिळवला तर ठोकळ ५०० चौरस फूट झाले. म्हणजे काम ५ ब्रासचे.

सिमेंट पाच पोती, वाळू २५ घनफूट. पण जुनी भिंत टोचे मारल्यावर खड्डेखुड्डे पडलेली असते, गिलावा कुठे पाऊण इंचही होतो. म्हणून सात पोती आणि ४० घनफूट वाळू धरू. हे उदार माप झाले.

आता असे बिल समोर आले : गिलावा ८ ब्रास, सिमेंट १२ पोती, वाळू १ ब्रास. ८ ब्रास कुठून आले? दार-खिडक्या वजा न करता ५४० धरले, त्यात हात न लावलेल्या छताचे १८० मिळवले, ७२० झाले आणि "ठोकळ आठ" लिहिले. प्रत्येक पायरीवर थोडेसेच वाढले, पण शेवटी पाचाचे आठ झाले.

समजा, मजुरी चौरस फुटाला ३० रुपये ठरली होती आणि सिमेंटचे पोते ४०० रुपयांचे होते. तीन ब्रास जादा मापाचे ९,००० रुपये आणि पाच जादा पोत्यांचे २,००० रुपये, मिळून ११,०००. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये एफ.आर.पी. ठरवली. त्या दराने हा तीन टनांवर ऊस झाला, तोही तोडणी-वाहतूक वजा करण्यापूर्वीचा. आणि ही एका खोलीची एक बाब आहे. फरशी, रंग, वायरिंग, नळकाम अजून बाकीच आहे.

वाळूबद्दल न्यायाने बोलू. ४० घनफूट वाळू कुणी आणून टाकत नाही, पूर्ण ट्रॉलीच घ्यावी लागते. म्हणून एक ब्रास बिलात असणे चूक नाही. पण उरलेली अर्ध्याहून अधिक वाळू तुमच्या अंगणात दिसली पाहिजे. ती संध्याकाळी दुसऱ्या कामावर गेली, तर एकाच वाळूचे पैसे दोन घरांनी भरले.

जिथे जास्त नव्हे, कमी घातले जाते

बिल वाढवणे ही फसवणुकीची एक बाजू झाली. माल कमी घालणे ही दुसरी बाजू, आणि ती जिवावर बेतणारी आहे. ठोक रकमेत काम घेतले आणि रक्कम पुरेना झाली की पहिली काटछाट सिमेंटमध्ये आणि सळईत होते, कारण ती झाकून जाते.

वरच्याच खोलीवर भिंतींच्या टेकूसह साडेसोळा बाय साडेतेरा फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब धरला तर काँक्रीट सुमारे ९३ घनफूट होते. त्याला सुमारे २१ पोती सिमेंट लागेल. स्लॅबच्या दिवशी पंधराच पोती फुटली असतील तर काम स्वस्त झाले असे समजू नका. रिकामी पोती मोजून बाजूला ठेवण्याचे काम घरातल्या एका माणसाकडे द्यावे. बहुतेक घरांत हे काम माउलीच चोख करते.

दोन गोष्टींत घाई नको. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला किमान दहा दिवस पाणी मारत राहिले पाहिजे. पाणी कुणी मारायचे हे आधी ठरवावे. नाही तर मिस्त्री निघून जातो आणि घागरी घरच्या बाईच्या डोक्यावर येतात. दुसरे म्हणजे, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू साध्या सिमेंटलाही सात दिवसांच्या आत आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवसांच्या आत काढू नयेत. राखमिश्रित सिमेंट असेल तर इंजिनिअरला विचारून मुदत वाढवावी. सेंट्रिंगचे भाडे वाचवायला टेकू लवकर ओढले जातात.

आणखी एक इशारा. दगड-मातीच्या जुन्या भिंतींवर पत्रे काढून स्लॅब टाकायचा विचार असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली. इंजिनिअरची फी हा या कामातला सर्वांत स्वस्त खर्च आहे.

काम कोणत्या बोलीवर द्यावे

रोजंदारी : किरकोळ दुरुस्तीला बरी. मोठ्या कामाला दिली तर काम लांबते.

मजुरीची बोली : माल आपला, मजुरी मापावर. दुकानाची बिले आपल्या नावावर येतात, माल डोळ्यांसमोर राहतो. वेळ देता येत असेल तर सभासदाला ही पद्धत सर्वांत सोयीची.

माल-मजुरीसह चौरस फुटावर : इथे "चौरस फूट" कशाचा, हे लिहून घ्यावे. आतले क्षेत्र, भिंतींसह क्षेत्र, की छज्जे आणि जिना धरून स्लॅबचे क्षेत्र? तिन्हींत पुष्कळ फरक पडतो.

उक्ते काम : एकच रक्कम. डोक्याला ताप नाही, पण काय-काय येते याची यादी नसेल तर भांडण ठरलेले. जुना गिलावा काढणे, राडारोडा उचलणे, परांची, पाणी मारणे हे आत की बाहेर, ते लिहा.

तीन दरपत्रके, एकच यादी

कारखान्यात साधी मोटर घ्यायची तरी तीन दरपत्रके मागवून तुलनात्मक तक्ता होतो. घरासाठीही तेच करावे. मात्र तिघांना एकच यादी द्या : कामाचे माप, प्रमाण, जाडी, सिमेंटचा प्रकार, फरशीचा आकार, रंगाचे हात. याद्या वेगळ्या असतील तर तुलना फसवी होते. सर्वांत कमी दर पाहून हुरळून जाऊ नये. दोघांचे दर जवळपास आणि तिसऱ्याचा निम्मा असेल, तर तो काय गाळणार आहे ते विचारा.

सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची हाही चांगला आधार आहे. मोठ्या नव्या कामांसाठी ती केलेली असते, म्हणून लहान दुरुस्तीचा दर तिच्यापेक्षा काहीसा चढा असणे स्वाभाविक आहे. पण दुपटीने असेल तर कारण मागावे. भावही नवे विचारावेत. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरील जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीच्या भावाने केलेले दरपत्रक कुणी पुढे केले तर ते बदलून मागा.

उचल आणि हप्ते

तोडणी मुकादमाला उचल दिली आणि टोळी आलीच नाही, हा अनुभव आपल्या भागाला नवा नाही. घरकामातही मोठी उचल घेऊन मिस्त्री दुसऱ्या कामावर गुंततो. म्हणून सुरुवातीला साहित्य हलवण्यापुरती दहा टक्के रक्कम द्यावी. पुढचे हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधावेत, दिवसांना बांधू नयेत. शेवटचे पाच ते दहा टक्के राखून ठेवावेत, आणि गळतीच्या कामात पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत. ही अट आधी लिहिलेली असावी. काम झाल्यावर पैसे अडवून ठेवणे हा अन्याय होईल. पैसे बँकेतून द्या, रोख दिले तर तारीख घालून सही घ्या.

सर्वांत जास्त पैसा जातो तो "जादा कामा"त. "एवढं तोडलंच आहे, तर हेबी करून घेऊ या," हे वाक्य बहुधा आपल्याच तोंडून निघते. घ्या करून, पण आधी माप आणि दर वहीत लिहा, दोघांनी सही करा, मग हातोडा उचलू द्या.

ठेकेदाराचीही बाजू

सभासदांनी गैरसमज करून घेऊ नये. गवंडी, मिस्त्री, ठेकेदार हे आपल्याच गावचे, आपल्याच उसाच्या पैशावर चालणारे लोक आहेत. हत्यारे, परांची, सेंट्रिंगचे भाडे, माणसांचे खाडे, पावसाने बुडालेले दिवस, देखरेख आणि त्यावर नफा, हे सारे दरात येणारच. लहान आणि अडचणीच्या कामाला दर चढतो, जुने तोडून नवे करायला नव्यापेक्षा जास्त वेळ लागतो. जी.एस.टी. लावणारा ठेकेदार नोंदणीकृत असेल तर त्याने पंधरा अंक-अक्षरांच्या नोंदणी क्रमांकाचे पक्के बिल द्यावे. नोंदणी नसेल तर कर वसूल करता येत नाही. वाजवी दराला घासाघीस करून खाली आणले, तर तो तुटीचा भाग भिंतीतूनच वसूल होतो. मापात घ्यायचे तसे मापात द्यायचे, आणि ठरल्या दिवशी द्यायचे. उसाच्या बिलाला उशीर झाला की आपल्याला काय वाटते, ते आठवावे.

वाद झाला तर

आधी दोघांनी मिळून पुन्हा माप घ्यावे, सोबत एखादा जाणकार ठेवावा. बहुतेक वाद फीत टाकली की मिटतात. नाही मिटला तर लेखी पत्र द्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये घरबांधणीची गणना सेवेत केली आहे. पैसे देऊन घेतलेल्या कामात दोष राहिला तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण तिथे "तोंडी ठरलं होतं" याला फार किंमत येत नाही. लिहिलेला कागद, पावत्या आणि तारखेनिशी काढलेले फोटो लागतात.

कापून ठेवण्याजोगे

१. काम सुरू होण्यापूर्वी फितीने माप घ्या आणि वहीत उतरवा.
२. तीन दरपत्रके, एकच यादी.
३. कराराचा एक कागद : माप, दर, मालाचा प्रकार, मुदत, हप्ते, राखीव रक्कम, राडारोडा आणि पाणी कुणाचे.
४. वाळू-खडी ट्रॉलीत सपाट करून मोजा, लोखंड काट्यावर घ्या.
५. रिकामी पोती मोजा, उरलेला माल आपल्या ताब्यात ठेवा.
६. झाकले जाणारे काम झाकण्यापूर्वी पाहा : सळई, पाइप, वायर. फोटो काढा.
७. जादा काम आधी वहीत, मग भिंतीवर.
८. शेवटचे बिल अंतिम मापावर द्या, पहिल्या अंदाजावर देऊ नका.

एवढ्याला लागते काय? दहा रुपयांची वही, एक फीत आणि रोज संध्याकाळची पंधरा मिनिटे. घरातली शिकती मुले-मुली हे काम हौसेने करतात. त्यांना करू द्यावे, शाळेतले क्षेत्रफळ-घनफळ घरी उपयोगी पडते. या पावसाळ्यापूर्वी ज्यांचे काम निघणार आहे, त्यांनी हा अंक जपून ठेवावा आणि शेजाऱ्यालाही वाचायला द्यावा.